वरच्या तळ्याची मोजणी

१२ जून

वनकार्यालयाचं पत्र आलं. वरचं तळं मेंढपाळांना कायमचं बंद करायचं की परत खुलं करायचं, ते यंदाच्या रानबकऱ्यांच्या मोजणीवरून ठरणार आहे. पंचेचाळीसच्या खाली आकडा आला तर कायमचं बंद. गेल्या वर्षी एकतीस होता, त्याआधी सदतीस, त्याआधी चव्वेचाळीस. चव्वेचाळीस आला त्या वर्षी तात्पुरती बंदी घातली, ती माझ्या सहीच्या अहवालावर. तेव्हापासून मेंढपाळ मला पाण्यात पाहतात. पाहोत बापडे. रानबकऱ्या मी वाचवल्या आहेत.

पत्राची शाई इतकी फिकट की खिडकीपाशी जाऊन वाचावं लागलं. सरकारी छपाईत हल्ली काही राम उरलेला नाही.

मोजणीदार म्हणून पहिलं नाव माझं, दुसरं बायकोचं, दरवर्षीप्रमाणे. तिला सांगितलं तर म्हणाली, "यंदा मी नाही येत. गुडघा दुखतोय."

"गुडघा गेल्या वर्षीही दुखत होता."

"गेल्या वर्षी आले. यंदा नाही येत."

अकरा वर्षं आम्ही दोघं ही मोजणी करतोय. अकरा वर्षांत आमच्या आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक पडलेला नाही. नव्या मोजणीदारांना कार्यालयात आमचं उदाहरण देतात. आणि ऐन निकालाच्या वर्षी ही गुडघा काढून बसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोलत होतो, आणि ती दोरीवरचे कपडे काढायला निघून गेली.

१५ जून

बहिणीची मुलगी यायला तयार झाली. ती चौथीच्या वर्गाला शिकवते. म्हणाली, "मामा, मी सहलीला बेचाळीस पोरं मोजते, तीही एका जागी न टिकणारी. तुमच्या बकऱ्यांचं काय घेऊन बसलात!"

ही सहल नव्हे, असं तिला बजावलं आणि पद्धत समजावली. दोघांनी दहा पावलांवर उभं राहायचं. एकमेकांकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. दुपारी तीनच्या सुमारास कळप समोरच्या उतारावरून पाण्यावर येतो. एक जनावर, हातातल्या काउंटरची एक टिक. मग आकडा आपापल्या चिठ्ठीवर लिहायचा, घडी घालायची, टाचणी मारायची, आणि त्यानंतरच तोंड उघडायचं. पाचपेक्षा जास्त फरक आला तर मोजणी रद्द आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा.

माझं काउंटर इस्पितळाच्या लॅबमधलं. पंचवीस वर्षं मी तिथे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तातल्या पेशी मोजल्या. चार वर्षांपूर्वी नवं मशीन आलं आणि मला मुदतीआधी घरी बसवलं. एका रुग्णाच्या रिपोर्टवरून थोडा बोभाटा झाला होता, पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. बायकोही तेव्हा म्हणाली होती की संबंध नाही. येताना हे काउंटर तेवढं खिशात घालून आणलं. लोखंडी आहे, टिक दणदणीत वाजते. कार्यालय देतं ती प्लॅस्टिकची, मुकी.

२२ जून

आज मोजणी झाली. झाली म्हणजे तिचा विचका झाला. क्रमाने लिहितो.

सकाळी सहाला निघालो. बायकोने ब्रेड, उकडलेली अंडी, थर्मास असं सगळं बांधून दिलं आणि दारात भाचीला म्हणाली, "मामाच्या पुढे राहा. उतरताना तर राहाच." वाट मला पाठ आहे आणि पोरीला सांगते पुढे राहा! मी ऐकून सोडून दिलं.

खालच्या तळ्यापर्यंत झाडी आहे. पाणी हिरवं, काठाला बेडकांची पिल्लं काळ्या मण्यांसारखी वळवळत होती, असं भाची म्हणाली. मी वाकून पाहिलं, पण पाण्यावर चमक होती. मधल्या तळ्याशी पलीकडच्या काठावर एक बगळा एका पायावर उभा होता. मी तिला दाखवला.

"मामा, ती वाटेची पाटी आहे. तिरकी झालीय."

ऊन समोरून येत होतं. कुणाचीही फसगत झाली असती.

मधल्या तळ्यानंतर झाडं संपतात आणि दगड सुरू होतात. तिथे बिळांत राहणारी जाडी जनावरं आहेत. माणूस दिसला की मागच्या पायांवर उभी राहून शिट्टी मारतात. आम्ही त्यांना चौकीदार म्हणतो. आज शिट्ट्या चारी बाजूंनी येत होत्या, पण चौकीदार एकही दिसला नाही. लबाड झालेत. वर एक गरुड घिरट्या घालत होता, तो मात्र मला भाचीच्या आधी दिसला. सरळ त्याच्याकडे पाहिलं की तो नाहीसा व्हायचा आणि नजर जरा बाजूला नेली की परत यायचा. चष्म्याच्या काचेवर मध्यभागी डाग आहे. वर्षभरात तीन चष्मे बदलले, तिन्ही काचांवर डाग. चष्मेवाल्याला आता चांगला फैलावर घ्यायला हवा.

वरच्या तळ्यावर अडीचला पोचलो. तिथे उन्हाळ्यातही कड्याच्या सावलीत बर्फाची पट्टी राहते आणि पाणी निळंशार असतं. सपाट खडकावर दहा पावलं सोडून उभे राहिलो. तीनला कळप आला. मी डोळ्यांत तेल घालून मोजलं. एकोणीस.

टाचण्या काढल्या. भाचीची चिठ्ठी म्हणत होती अठ्ठावन्न.

"तू त्याच त्याच बकऱ्या पुन्हा मोजल्यास," मी म्हणालो.

"मामा, मी दोनदा मोजल्या. एकदा सत्तावन्न, एकदा अठ्ठावन्न. नुसती करडंच चौदा होती."

"करडं? मला एक करडू दिसलं नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चला, उतरू या." आणि उतरताना माझ्या पुढे राहिली. सगळ्या वाटेत मला तिच्या अंगावरचं लाल जाकीट तेवढं दिसत होतं, त्याच्या मागे मागे आलो. भराभर चालतात ही पोरं, पण आज सावकाश चालली.

२३ जून

कार्यालयात कळवलं. मोजणी रद्द. फेरमोजणी मूळ जोडीनेच करायची, असा हुकूम आला. बायकोला सांगितलं. तिने "अठ्ठावन्न?" असं विचारलं. मी म्हटलं, शाळामास्तरीण आहे, फुगवून गुण द्यायची सवय. हसली नाही.

२७ जून

वरच्या तळ्याचा मेंढपाळ आज बसथांब्यावर भेटला. मला त्याला टाळता आलं असतं, त्यालाही मला. पण तो आपणहून समोर आला.

"साहेब, परत मोजणार म्हणे."

"हो."

"तीन उन्हाळे मेंढ्या खाली महामार्गाच्या कडेला चारतोय. गेल्या महिन्यात नऊ ट्रकखाली गेल्या. यंदाही वर सोडलं नाही तर कळप मोडायचा, दुसरा इलाज नाही. बाप आणि आजा त्याच कुरणावर वाढले माझे." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "मी पहाटे खालून बघतो. कड्यावर पन्नासच्या वर असतात बकऱ्या. तुम्हाला तीस कशा दिसतात?"

मी म्हणालो, "माझं मोजणं शास्त्रशुद्ध असतं." ज्याला पोटाचं पडलंय त्याला शंभरही दिसतील. हे मात्र मनात म्हणालो. बस आली तेव्हा तिचा नंबर त्यालाच विचारावा लागला, म्हणून जास्त बोलता आलं नाही.

१ जुलै

बायको येते म्हणाली. आपणहून. मला इतकं बरं वाटलं की मी तिच्यासाठी चहा केला. साखरेऐवजी मीठ पडलं, डबे सारखेच आहेत. तिने न बोलता ओतून दिला आणि दुसरा केला.

मग म्हणाली, "येते, पण यंदा मी माझं मोजणार."

"म्हणजे? आजवर काय माझं मोजत होतीस?" मी चेष्टेने म्हणालो.

ती कपबशा धुवायला उठली. बायकांच्या बोलण्यात कधी कधी काहीच अर्थ नसतो.

६ जुलै

जाऊन आलो. माझे सतरा. तिचे एकसष्ट. आज लिहवत नाही.

७ जुलै

काल ती पुढे चालत होती. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. आणि तोंडाने चालू: इथे ओलं आहे, इथे मूळ वर आलंय, डावीकडून या. अकरा वर्षं मला वाटत होतं की हिला वाटेत बडबडायची सवय आहे. काल पहिल्यांदा लक्षात आलं की आधीची सात वर्षं ती डोंगरात गप्प असायची. शेवटच्या चारच वर्षांत बोलते.

वरच्या तळ्यावर तीनला कळप आला. समोरच्या उतारावर मला तपकिरी ठिपके दिसले, मी टिका मारल्या. सतरा. मग वाऱ्याची दिशा फिरली असावी. कळप पाणी पिऊन आल्या वाटेने न जाता आमच्या खडकाच्या खालून, दगडांच्या घसरणीवरून निघाला. माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर. आधी एक दगड घरंगळला, मग दहा, मग मोजता येऊ नयेत इतके. खुरांचा आवाज आला. करडांचं बें बें सुरू झालं, एक इथून, तीन तिथून, आयांचं जाडं ओरडणं. उग्र वास आला. मी सरळ समोर बघत होतो आणि समोर राखाडी डागाशिवाय काही नव्हतं. मान वळवली तर डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी तपकिरी वाहत चाललेलं दिसलं. पुन्हा सरळ पाहिलं, पुन्हा काही नाही. आणि आवाज संपेचना. माझा अंगठा काउंटरवर होता आणि तो हलला नाही.

पंचवीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसाला डाग काचेवर आहे की डोळ्यात, हे कळत नाही, असं कुणी समजू नये. मला कळलं होतं. बहुधा त्या रिपोर्टच्याही आधी कळलं होतं. मी चष्मे बदलत राहिलो.

उतरताना मधल्या तळ्याशी ती गुडघा धरून बसली. मी विचारलं, "गेल्या वर्षी तू किती मोजल्या होत्यास? खरं सांग."

"गेल्या वर्षी मी बकऱ्या मोजल्याच नाहीत."

"मग?"

"तुमच्या टिका मोजल्या." ती पाण्याकडे बघून बोलत होती. "दहा पावलांवर लख्ख ऐकू येतात. एखादी वाढवायची, एखादी कमी करायची, म्हणजे कुणाला शंका नको."

"चार वर्षं?"

"पहिल्या वर्षी दोन्ही मोजलं. बकऱ्या साठ होत्या, टिका बावन्न. इस्पितळातून तुम्हाला नुकतं घरी बसवलं होतं. महिना महिना उंबरा ओलांडत नव्हता, दाढी करत नव्हता. मोजणीचं पत्र आलं त्या दिवशी उठून अंघोळ केलीत. मी म्हटलं, एक वर्ष जाऊ दे. आठाचा तर फरक आहे." मग म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून बकऱ्यांकडे बघणंच सोडलं. बघितलं असतं तर लिहावं लागलं असतं."

मला तिचा संताप आला. हे लिहून ठेवतो, कारण आज दया वगैरे वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी म्हणालो, "तू मला जगासमोर गाढव बनवलंस."

"हो," ती म्हणाली. "आणि त्या मेंढपाळाला रस्त्यावर आणलं. त्याच्या बायकोच्या दुकानात मी तीन वर्षं पाय ठेवलेला नाही. समोरच्या रस्त्यानेसुद्धा जात नाही मी."

मग तिने हात पुढे केला, उठवण्यासाठी. मी तो धरला नाही. ती काठीवर भार टाकून एकटी उठली.

१० जुलै

दोन आकड्यांतल्या फरकावर परवा वनकार्यालयात सुनावणी आहे. आज जेवताना बायको म्हणाली, "मी काही सांगणार नाही. तुमच्या तोंडून येऊ दे. डोळे गेले म्हणून कुणी तुम्हाला हसणार नाही. पण लपवलंत तर मी..."

मी म्हणालो, सांगेन.

"नक्की?"

"सांगतो म्हटलं ना."

तिने ताटात आणखी वाढलं. किती दिवसांनी तिचा आवाज मोकळा वाटला. म्हणाली, सुनावणी झाली की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, भाचीने नाव काढून ठेवलंय. म्हणजे दोघींचं बोलणं झालेलं आहे.

११ जुलै

वाक्य तयार केलं. "माझ्या दृष्टीत दोष असल्यामुळे गेल्या चार वर्षांचे माझे आकडे ग्राह्य धरू नयेत." न्हाणीघरात सात-आठदा म्हणून पाहिलं. "ग्राह्य"पाशी अडखळतो. "माझे आकडे चूक आहेत" असं सोपं करावं का? पण मग का चूक, ते विचारतील.

वनकार्यालयाच्या भिंतीवर आम्हा दोघांचा फोटो आहे, खडकावर उभे असलेला. तो उतरवतील का, हाही विचार आज दोनदा आला. किती क्षुल्लक विचार.

१२ जुलै

सुनावणीची खोली लहान. एक टेबल, पंखा, भिंतीवर नकाशा. अधिकारी साहेब तरुण आहेत, मला उठून खुर्ची दिली. मेंढपाळ बाहेर व्हरांड्यात थांबला होता, त्याला आत बोलावलं नव्हतं.

साहेब म्हणाले, "सतरा आणि एकसष्ट. अकरा वर्षांत तुमच्यात असं कधी झालं नाही. भाचीची मोजणी नियमाने बाद आहे, पण तिचाही अठ्ठावन्न होता. मला कळेनासं झालंय. दोघांपैकी कुणाची तरी चूक आहे. तुम्हीच सांगा, काका. तुमचा अनुभव मोठा. तुम्ही म्हणाल ते मी लिहून घेतो."

तुम्ही म्हणाल ते! मी तोंड उघडलं. वाक्य तोंडापर्यंत आलेलं होतं. बायको माझ्याकडे बघत होती, चेहरा दिसला नाही, पण मान माझ्याकडे वळलेली होती. साहेब थांबले. पंखा फिरत होता. मी खाकरलो. साहेबांनी पाण्याचा ग्लास सरकवला, मी तो प्यालो, आणि ग्लास खाली ठेवल्यावरही मी काही बोललो नाही.

मग बायको बोलली.

"साहेब, चूक माझी आहे. भाचीने मला तिचा आकडा आधीच सांगितला होता. तोच डोक्यात बसला. मी बकऱ्या न बघता तेवढ्या टिका मारत गेले."

एका दमात बोलली. जे तिने चार वर्षं माझ्यासाठी केलं, ते तिने भाचीच्या नावावर घातलं आणि सांगून टाकलं. आवाज अगदी सपाट होता.

साहेबांनी पेन उचललं. "काकू, हे फार गंभीर आहे. मला तुमचं नाव यादीतून काढावं लागेल. भाचीचंही."

"काढा."

"मग सतरा कायम करू?" हे त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून. हे माझ्याच हातचं लिहिलेलं राहावं म्हणून लिहितो: मला कुणी बोलायला लावलं नाही, मान मी आपणहून हलवली. साहेबांनी कागद पुढे केला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

बाहेर आलो तेव्हा मेंढपाळ उठून उभा राहिला. "काय ठरलं, साहेब?"

"बंद," मी म्हणालो. आणि मग, तो पुढे काही विचारेल या भीतीने, घाईघाईने, "हिच्या मोजणीत चूक निघाली."

बायको माझ्या शेजारीच होती. माझ्या कोपराशी तिचा हात असायचा, तो आज नव्हता. तिच्या चपलांचा आवाज पुढे गेला, खाली उतरला, अंगणातल्या खडीवर वाजला आणि फाटकाकडे निघून गेला. मी "अगं" म्हणालो. आवाज थांबला नाही.

मी तिच्यामागे निघालो आणि पाय टाकला तिथे जमीन नव्हती.

मेंढपाळाने मला दंडाला धरून सावरलं. "पायऱ्या आहेत, साहेब."

"दिसल्यात मला. डोळ्यावर ऊन आलं."

तो पुढची पायरी उतरला, मीही उतरलो. मग तो थांबला. माझा दंड त्याने सोडला नव्हता.

"ऊन तुमच्या पाठीमागे आहे," तो म्हणाला.

तो माझ्या चेहऱ्याजवळ वाकला, इतका की मेंढ्यांचा वास आला.

"मग तीन वर्षं वर मोजत कोण होतं?"

उरलेल्या पायऱ्या त्याने मला हात धरून उतरवल्या, एकेक, आणि फाटकापाशी नेऊन सोडलं.